स्लाइड सगळ्यात शेवटी करा: पहिल्यांदा सादरीकरण करणाऱ्यांसाठी

सादरीकरण करायचं ठरलं की बहुतेक जण लॅपटॉप उघडतात, कोरी स्लाइड समोर घेतात आणि त्यावर शीर्षक टाइप करतात. मग रंग, टेम्प्लेट, चित्रं यांत तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ जातो आणि तोंडाने बोलून बघायची वेळ येते ती आदल्या रात्री. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी काय म्हणायचं ते ठरवायचं, मग ते बोलून बघायचं, आणि स्लाइडला हात लावायचा तो त्यानंतर. दहा-पंधरा मिनिटांचं पहिलंच सादरीकरण गृहीत धरलं आहे. स्लाइड न वापरता नुसतं भाषण करायचं असेल तर पाचवी पायरी सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू होतं.

सोबत काय लागेल

- पोस्टकार्डाएवढी जाड कोरी कार्डं, सात-आठ
- टायमर आणि रेकॉर्डिंगसाठी फोन
- सादरीकरणाची मूळ फाइल आणि तिचीच पीडीएफ. दोन्ही पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलमध्येही
- लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोजेक्टरला जोडायच्या एचडीएमआय केबलची सोय (नव्या पातळ लॅपटॉपना बहुतेक वेळा यूएसबी-सी ॲडॉप्टर लागतो)
- साध्या पाण्याची बाटली

क्लिकर (स्लाइड दुरून पुढे-मागे करायचं छोटं रिमोट) असला तर बरा, नसला तरी अडत नाही. असेल तर जादा सेल ठेवा.

## १. आयोजकांना पाच गोष्टी विचारा

वेळ किती आणि त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत की वेगळी? समोर किती जण आणि त्यांना विषयाची किती माहिती? लॅपटॉप माझा की तिथला? माईक आहे का, असेल तर कसला? पडदा रुंद १६:९ आहे की जुना, चौकोनी वाटणारा ४:३?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘पंधरा मिनिटं आहेत’ याचा अर्थ बऱ्याचदा बारा मिनिटं बोलणं आणि तीन मिनिटं प्रश्न असा असतो, आणि हे कळतं तेव्हा तुम्ही मंचावर असता. प्रश्नोत्तरं वेगळी असली तरी मिळालेल्या वेळेच्या ८० टक्क्यांत बसेल एवढंच तयार करा. आधीचा वक्ता लांबतो, केबल जुळायला वेळ लागतो, आणि ती मिनिटं तुमच्याच वाट्यातून जातात.

## २. एक वाक्य लिहा

सगळं विसरून श्रोत्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती कोणती? ते एका वाक्यात लिहा.

समजा, एका ग्रंथालयात पुस्तकं उशिरा परत येतात आणि त्यावर तुम्हाला समितीपुढे बोलायचं आहे. ‘पुस्तक परतीच्या समस्येचा आढावा’ हे वाक्य नाही, तो विषय झाला. ‘परतीच्या तारखेच्या दोन दिवस आधी सभासदांना संदेश पाठवावा आणि हा प्रयोग तीन महिने करून बघावा’ हे वाक्य झालं. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यात क्रियापद हवं, आणि ते ऐकून समोरचा ‘मला हे पटत नाही’ असं म्हणू शकला पाहिजे. आढाव्याशी कोणी असहमत होऊ शकत नाही, म्हणूनच आढावा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हे वाक्य जमेना तर पुढे जाऊ नका. अडचण बोलण्यात नसून अजून काही ठरलेलंच नाही, असा त्याचा अर्थ.

## ३. सांगाडा आखा आणि शब्द मोजा

दहा मिनिटांची वाटणी साधारण अशी करा: सुरुवात १ मिनिट, तीन मुद्दे प्रत्येकी अडीच मिनिटं, शेवट १ मिनिट, उरलेलं अर्धं मिनिट अडखळण्यासाठी. चौथा मुद्दा सुचला तर आधीच्या तिघांपैकी एकाला बाहेर काढा.

लिहून काढायची सवय असेल तर मराठीसाठी मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा. इंग्रजी मार्गदर्शकांत १३० ते १५० हा आकडा भेटतो. तो इथे वापरला की हमखास वेळ पुरत नाही, कारण मराठी शब्दांना विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चिकटलेली असतात. ‘ग्रंथालयासमोरच्यांना’ हा मोजताना एक शब्द, पण तोंडाला बराच वेळ लागतो.

सुरुवातीला तीन गोष्टी टाळा: स्वतःची लांबलचक ओळख, ‘आज मी पुढील मुद्द्यांवर बोलणार आहे’ ही यादी, आणि ‘मला फारसं बोलता येत नाही, सांभाळून घ्या’ ही माफी. नमनालाच घडाभर तेल गेलं की श्रोते फोन काढतात. थेट परिस्थितीत शिरा: ‘आज मागणी असलेल्या दहा पुस्तकांपैकी चार जागेवर नाहीत. ती हरवलेली नाहीत, कोणाच्या तरी घरी आहेत.’ (आकडे अर्थातच तुमचे खरे असावेत.)

पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं शब्दशः पाठ करा. मधलं काहीही पाठ करू नका. पहिल्या मिनिटात घाबरगुंडी सर्वांत जास्त असते, तेव्हा तोंडाला आयती वाक्यं हवीत. शेवट पाठ नसला तर ‘तर… हो… एवढंच होतं माझं’ असं होतं. मधलं पाठ केलं तर वेगळाच धोका आहे: घोकलेल्या मजकुरातलं एक वाक्य निसटलं की पुढची सगळी साखळी तुटते, आणि समोरच्यालाही ऐकताना कळतं की हा माणूस आठवतोय, बोलत नाहीये.

## ४. उभं राहून, मोठ्याने बोला

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. मनातल्या मनात तालीम केली की सगळं छान जमतं, कारण मन एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि मधला सांधा गाळतं. प्रत्यक्षात नेमकं त्या सांध्यावरच ततपप होतं.

पहिली फेरी: सांगाड्याचा कागद हातात घेऊन, उभं राहून, टायमर लावून. अडलं तरी थांबू नका, शेवटपर्यंत जा. किती वेळ लागला तो लिहा.

दुसरी फेरी: फोनवर व्हिडिओ रेकॉर्ड करा. मग तो दोनदा बघा: एकदा पडदा पालथा घालून नुसता आवाज ऐका, एकदा आवाज बंद करून हालचाली बघा. दोन्ही एकत्र पाहिलं तर आपण आपल्या चेहऱ्याकडेच बघत बसतो आणि हाती काही लागत नाही.

तिसरी फेरी: विषय माहीत नसलेल्या एका माणसासमोर. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ म्हणून मोकळे होतील. ‘मी काय करायला सांगितलं?’ असं विचारा. उत्तर तुमच्या त्या एका वाक्याशी जुळलं नाही तर सांगाडा दुरुस्त करा.

आवाज ऐकताना दोन गोष्टी तपासा.

पहिली, वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. बोलणाऱ्याचा श्वास मात्र वाक्याच्या शेवटाला संपत आलेला असतो, म्हणून शेवटचा शब्द गिळला जातो. ‘हा खर्च आपल्याला परवडणार नाही’ यातला ‘नाही’ मागच्या रांगेपर्यंत गेला नाही तर तिथल्या माणसाने नेमकं उलटं ऐकलं. उपाय दोन: वाक्यं बारा-पंधरा शब्दांच्या आत ठेवा, आणि वाक्याच्या मधे न घेता पूर्णविरामाला श्वास घ्या. सरावात शेवटचा शब्द मुद्दाम जरा जोर देऊन म्हणा. तुम्हाला नाटकी वाटेल, ऐकणाऱ्याला फक्त स्पष्ट वाटेल.

दुसरी, भरीचे शब्द. ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्चुअली’, ‘काय आहे की’, ‘बरोबर?’ यांतला तुमचा लाडका शब्द कोणता ते रेकॉर्डिंगमध्ये मोजा. ते मुळापासून उपटायच्या भानगडीत पडू नका. बोलताना स्वतःवर पहारा ठेवला की उलट जास्त अडखळायला होतं. हे शब्द येतात ते बहुधा पुढचं वाक्य शोधताना. तिथे तोंड मिटून एक-दोन सेकंद गप्प राहायची सवय करा. बोलणाऱ्याला ती शांतता युगासारखी वाटते. ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवते.

वेळ दोन मिनिटं जास्त लागत असेल तर भरभर बोलायला लागू नका. काहीतरी कापा. शिवाय आयत्या वेळी वगळता येईल असा एक भाग आधीच ठरवून त्यावर खूण करून ठेवा, म्हणजे अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले तरी शेवट शांतपणे करता येतो.

## ५. आता स्लाइड

सांगाड्यावर नजर टाका आणि विचारा: कुठे शब्द पुरत नाहीत? आलेख, नकाशा, छायाचित्र, रचनेचं चित्र, तुलना करायचे आकडे. स्लाइड तिथेच हवी. जे तोंडी पुरेसं समजतं त्याची स्लाइड करू नका.

एका स्लाइडवर एकच गोष्ट, आणि शीर्षकात विषयाऐवजी निष्कर्ष. आपल्या उदाहरणात बहुतेकांची स्लाइड अशी होते: वर ‘आकडेवारी’, खाली सहा बुलेट, शेजारी बारा महिन्यांचा तक्ता आणि कोपऱ्यात पुस्तकाचं चित्र. तीच अशी करा: वर ‘उशीर सुट्ट्यांच्या महिन्यांत दुप्पट होतो’, खाली बारा खांबांचा एकच आलेख, त्यातले सुट्ट्यांचे खांब गडद, बाकीचे करडे. सहा बुलेट तुम्ही तोंडाने सांगायचे. बुलेट पडद्यावर असले की लोक ते वाचतात, आणि वाचताना तुमचं ऐकत नाहीत.

आलेख आला की लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. आधी अक्ष सांगा: ‘आडवे महिने आहेत, उभी उशिरा आलेल्या पुस्तकांची संख्या.’ तुम्ही तो आलेख शंभर वेळा पाहिलेला असतो, समोरचा पहिल्यांदाच बघत असतो.

अक्षरांचा आकार २४ पॉइंटच्या खाली नको, मजकूर २८ च्या आसपास आणि शीर्षक ३६ च्या पुढे. खात्री करायला १४ इंची लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर लावा आणि दोन मीटर मागे जाऊन वाचा. पडद्याच्या रुंदीच्या सहापट अंतरावर बसलेल्या माणसाला ती साधारण एवढीच दिसते.

देवनागरीच्या खास अडचणी मात्र कोणी सांगत नाही, त्या अशा:

- जुने फॉन्ट: कृतीदेव, श्रीलिपी अशा बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांत बदलतो. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालेल. बाहेरून घेतलेला फॉन्ट असेल तर पॉवरपॉइंटच्या ‘सेव्ह’च्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच घालण्याची सोय आहे, ती वापरा. पीडीएफ हा शेवटचा आधार.
- ओळींतलं अंतर: वर मात्रा आणि रफार, खाली उकार. अंतर कमी केलं की ‘र्कै’ची मात्रा वरच्या ओळीच्या ‘कृ’ला जाऊन भिडते. किमान १.२ ठेवा.
- अक्षरांतलं अंतर: इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकाची अक्षरं मोकळी ठेवलेली असतात. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते. ते शून्यावर आणा.

रंगांबद्दल थोडक्यात: उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद अक्षरं. प्रोजेक्टरला काळा रंग ‘टाकता’ येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, त्यामुळे दिवे चालू असतील तर तुमची काळीभोर पार्श्वभूमी फिकट राखाडी दिसते. लाल-हिरव्या फरकावर अर्थ अवलंबून ठेवू नका, काहींना तो दिसत नाही. ॲनिमेशन एकच कामाचं: एकेक भाग क्रमाने दाखवणं.

## ६. टाचण

प्रत्येक मुद्द्याला एक कार्ड, कार्डावर पाच ते सात शब्द, मोठ्या अक्षरांत, एकाच बाजूला. नावं, आकडे आणि अवतरणं मात्र पूर्ण लिहा. कार्डांना क्रमांक द्या आणि कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवा. सुटी कार्डं हातातून पडली की क्रम लावताना जीव जातो. साधा कागद टाळा. हात थरथरत असेल तर पातळ कागद ती थरथर सगळ्या खोलीला दाखवतो, जाड कार्ड दाखवत नाही.

## ७. खोलीत अर्धा तास आधी

केबल जोडल्यावर पडद्यावर काही आलं नाही तर विंडोजमध्ये ‘विंडोज’ आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबा. ‘डुप्लिकेट’ निवडलं तर दोन्हीकडे तेच दिसतं; ‘एक्स्टेंड’ निवडलं तर तुमच्या लॅपटॉपवर टिपणं आणि पडद्यावर स्लाइड अशी विभागणी करता येते. हे आधी बघितलं नाही तर खासगी टिपणं पडद्यावर आणि स्लाइड तुमच्यासमोर असा उलटा प्रकार होतो. संदेशांच्या सूचना बंद करा, लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ वाढवा.

पॉवरपॉइंटच्या चार कळा पाठ असू द्या: ‘एफ ५’ने सुरुवातीपासून, ‘शिफ्ट’ आणि ‘एफ ५’ने चालू स्लाइडपासून, ‘बी’ दाबल्यावर पडदा काळा (पुन्हा दाबला की परत), आणि आकडा टाइप करून ‘एंटर’ मारलं की थेट त्या क्रमांकाची स्लाइड. शेवटची कळ प्रश्नोत्तरांत फार कामाची. तीस स्लाइड मागे जाताना सगळ्यांना चक्कर यायला नको.

माईक हातातला असेल तर हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून पाच-दहा सेंटिमीटरवर धरा आणि मान वळवाल तसा तोही वळवा. जाळीभोवती मूठ आवळू नका, आवाज घुमतो. कॉलरचा माईक हनुवटीपासून वीतभर खाली लावा. ओढणी, साखळी, ओळखपत्राची दोरी त्यावर घासणार नाही असं बघा. शिट्टीसारखा आवाज आला तर माईक स्पीकरच्या समोर आला आहे, जागा बदला. आणि माईक चालू आहे का हे फुंकर मारून बघू नका, बोलून बघा.

सादरीकरण ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर घ्या, खिडकी पाठीमागे नको, पूर्ण पडद्याऐवजी फक्त स्लाइडची विंडो शेअर करा. समोरून हुंकारही येत नाही, त्यामुळे दर तीन-चार मिनिटांनी एक सोपा प्रश्न टाका.

## ८. भीतीचं काय करायचं

छातीत धडधड, घशाला कोरड, थंड पडलेले हात ही ॲड्रेनलिनची कामं. ती बंद करता येत नाहीत, पण सुरुवातीच्या काही मिनिटांनंतर बहुतेकांची आपोआप ओसरतात. तोवर निभावून न्यायचं.

बोलण्याआधी दोन-तीन मिनिटं चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. जागेवर पोहोचल्यावर लगेच बोलू नका. पाय टेकवा, कार्ड ठेवा, एका माणसाकडे बघा, मग पाठ केलेलं पहिलं वाक्य. नजर सगळीकडे भिरभिरवण्यापेक्षा एक वाक्य एका माणसाला, पुढचं दुसऱ्या कोपऱ्यातल्या दुसऱ्याला, असं करा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलायचा सल्ला अनेक जण देतात. माझ्या मते तो निरुपयोगी आहे, समोरच्यांना ते लगेच कळतं.

लेझरचा ठिपका थरथर दहापट करून दाखवतो, आणि एलईडी पडद्यावर तो नीट दिसतही नाही. तोंडाने सांगा: ‘उजवीकडून तिसरा खांब.’

एकदम काहीच आठवेनासं झालं तर थांबा, घोट पाणी प्या, कार्ड बघा, शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा. ‘सॉरी, मी विसरलो’ असं जाहीर करायची गरज नाही. तुम्ही काय म्हणणार होतात हे कोणालाच माहीत नसतं.

## ९. प्रश्नोत्तरं

प्रश्न आला की तो माईकवर थोडक्यात पुन्हा सांगा. मागच्यांना ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि तुम्हाला विचार करायला काही सेकंद मिळतात. उत्तर अर्ध्या-एक मिनिटात संपवा. माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, शुक्रवारपर्यंत कळवतो’ असं दिवसासकट म्हणा आणि कळवा. कोणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच भाषण करू लागलं तर श्वास घ्यायला थांबतील तिथे शिरा: ‘म्हणजे तुमचा प्रश्न खर्चाबद्दल आहे, बरोबर?’

अडचणीचे पाच संभाव्य प्रश्न आधी लिहून काढा. त्यांतल्या दोन-तीन प्रश्नांसाठी जादा स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर ठेवा. ‘धन्यवाद’ची स्लाइड मात्र नको. प्रश्न चालू असताना पडद्यावर तुमची मागणी दिसत राहू द्या, आणि प्रश्न संपल्यावर ते एक वाक्य पुन्हा म्हणून खाली बसा.

## १०. पुढचा सराव कसा करायचा

वर्षाकाठी दोन सादरीकरणं करून जीभ सैल होत नाही. टोस्टमास्टर्स ही संस्था १९२४ पासून नेमकं हेच काम करते, आणि तिच्या तीन पद्धती घरी किंवा ऑफिसात तिघा-चौघांतही जमतात. एक, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटं बोलणं. दोन, पाच ते सात मिनिटांचं तयार भाषण, ज्यात वेळ बघणारा पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं आणि सातव्याला लाल कार्ड दाखवतो. तीन, भरीचे शब्द मोजायला एक वेगळा माणूस.

स्लाइडसह सराव हवा असेल तर पेचाकुचा करून बघा: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकणार, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेला हा प्रकार पाल्हाळाची खोड फार लवकर मोडतो.

दर वेळी सुधारायला एकच गोष्ट निवडा. या खेपेला फक्त वाक्याचे शेवट, पुढच्या खेपेला फक्त थांबे, त्यानंतर हात. आणि प्रत्येक रेकॉर्डिंग तारखेनिशी जपून ठेवा. सहा महिन्यांनी पहिलं आणि ताजं लागोपाठ ऐकलं की पुढे कशावर काम करायचं ते वेगळं विचारावं लागत नाही.